करडा पट्टा

गोजरबाई आजवर तीनदा अजिंठ्याला जाऊन आली. काय पाहिलं म्हणून विचाराल तर ती सांगेल, पार्किंग पाहिली. आणि ते अगदी खरं आहे. पहिल्यांदा गेली ती लग्न झाल्या झाल्या, सासरच्या गोतावळ्याबरोबर. दुसऱ्यांदा अंगणवाडीच्या बायकांची सहल होती. तिसऱ्यांदा पोरगा राजकुमार नव्या सुनेला घेऊन निघाला, तेव्हा "माय, तू पण चल" म्हणाला. तिन्ही वेळा खाली गाडीपाशी एकच सवाल उठला, की पिशव्या कोण सांभाळणार? आणि तिन्ही वेळा सगळ्यांच्या नजरा हिच्याकडं वळल्या. कुणी हुकूम सोडला नाही, कुणी हात जोडले नाहीत. नुसतं बघितलं, आणि गोजरबाई पदर सावरून पिशव्यांच्या मधोमध बसली.

दौलताबादला किल्ल्याचा पायथा, पैठणच्या बागेत नळाशेजारचा ओटा, नागपूरला दीक्षाभूमीच्या मैदानातली सतरंजी. जिथं जिथं हे खानदान फिरलं, तिथं तिथं गोजरबाईनं सामान राखलं. कधी एक चिंधी हरवली असेल तर शपथ! "गोजर असली की घोर नाय," असं तिचा नवरा सर्जेराव चारचौघांत सांगायचा. बाईमाणसाला दोन गोड शब्दांत गुंडाळून कोपऱ्यात बसवायची ही जुनीच तऱ्हा आहे, आणि ती अजून झकास चालते.

यंदा गोजरबाई कामातून सुटली. मुकुंदवाडीच्या अंगणवाडीत ती मदतनीस होती. उभा जन्म दुसऱ्यांची लेकरं खेळवण्यात गेला. खिचडी शिजवली, शेंबडं नाक पुसलं, घसरगुंडीखाली हात धरून उभी राहिली. राजकुमार शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. पोरगा मनाचा वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. तो म्हणाला, "माय आता रिकामी झाली. तिच्यासाठी कुठंतरी जाऊ." आणि त्यानं करमाडच्या पुढच्या मौजमहाल पार्कचं एका मुक्कामाचं बुकिंग केलं. घरापासून पाऊण तासाच्या वाटेवर कोण मुक्कामाला जातं, असं शेजारच्या लीलाबाईनं नाक मुरडून विचारलंच. गोजरबाईनं तिला ऐकवलं, "माझा पोरगा माझ्यासाठी नेतोय. तुला कामून पोटात दुखतंय?" आणि नवी चप्पल घालून ती गाडीत बसली.

ही ताठ मान पार्कच्या दारापर्यंत टिकली.

दारात मनगटाला कागदी पट्टे बांधत होते. राजकुमारला नारंगी, त्याची बायको करुणा हिला नारंगी, त्यांच्या दहा वर्षांच्या लेकीला, आम्रपालीला नारंगी. सर्जेरावालाही नारंगी. गोजरबाईनं हात पुढं केला, तर पट्टे बांधणाऱ्या पोरीनं तिच्या मनगटाला करडा पट्टा गुंडाळला.

"ह्यो येगळा कामून?" गोजरबाईनं विचारलं.

"हा सोबत आलेल्यांचा आहे आजी. नारंगीला सगळ्या राइड चालतात. करड्याला नुसतं आत जायला मिळतं."

गोजरबाईनं पोराकडं पाहिलं. राजकुमार म्हणाला, "माय, तुझे गुडघे दुखतात ना? उगं वर उलटं टांगल्यावर काही झालं तर? तू आरामात बस, सावलीत."

गुडघे दुखतात हे खरं. पण सर्जेरावाला रोज दोन वेळा बीपीची गोळी लागते, तो तिच्यापेक्षा वयानं मोठा, आणि जिना चढताना मध्ये दोनदा थांबतो. त्याच्या मनगटावर नारंगी पट्टा कसा काय चमकत होता, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर राजकुमार म्हणाला असता, बाबांना हौस आहे. म्हणजे हौस सर्जेरावाची आणि गुडघे गोजरबाईचे, अशी वाटणी घरात कधीच होऊन बसली होती.

पट्ट्याचं गोजरबाईनं गिळलंही असतं. पण पुढं लॉकरची खोली लागली. करुणा म्हणाली, "अहो, सामान ठेवून देऊ या का इथं? बदलायचे कपडे, टॉवेल, किती ओझं झालंय."

राजकुमार चालता चालता म्हणाला, "लॉकर कशाला? माय हाय की."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पाणी प्यायला ग्लास कशाला, तांब्या आहे की, असं म्हणावं तितक्या सहज तो बोलला आणि पुढं गेला. गोजरबाईच्या मात्र ते काळजात रुतलं. माझ्यासाठी आणलंय म्हणून आपण लीलाबाईला ऐकवलं, आणि आपल्याला आणलंय लॉकर म्हणून! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ते पुसलं आणि पिशव्या उचलल्या.

तिला जो बाक मिळाला तो कडुलिंबाखाली होता, आणि समोर हिरवागार गालिचा पसरलेला. गालिच्यावर बुटकी पवनचक्की, एक लहानसा पूल, किल्ल्याचा दरवाजा, असं काय काय मांडून ठेवलेलं. तिथं चिटपाखरू नव्हतं. मोठ्या छत्रीखाली एक टोपीवाला पन्नाशीचा गडी खुर्चीत बसून पेंगत होता. बाकी पार्कात मे महिन्याच्या उन्हातही जत्रा भरली होती. "भुंगाट" नावाची एक राइड होती, ती माणसांना आभाळात नेऊन खाली फेकायची, आणि दर वेळी सगळ्यांच्या किंकाळ्या कानावर यायच्या. तिची माणसं एक राइड करून यायची, पाणी प्यायची, ओला टॉवेल तिच्या मांडीवर टाकायची आणि पुढच्या रांगेत पळायची. सर्जेराव तर लहान पोरासारखा नाचत होता. "गोजरे, काय मजा हाय म्हणून सांगू!" असं म्हणून तो परत पळाला. सांगू म्हणाला आणि सांगितलं काहीच नाही.

अर्धी सकाळ गेल्यावर गोजरबाईनं टोपीवाल्याला हाक मारली. "ओ भाऊ, ह्ये काय मांडून बसलात?"

"मिनी गोल्फ आक्का." तो डोळे चोळत उठला. त्याचं नाव कचरू, जवळच्याच वस्तीवर राहणारा. "काठीनं चेंडू टोलवायचा, भोकात घालायचा. असे नऊ डाव हायेत. कोणी येत नाय इकडं. समदे भुंगाटकडं पळत्यात."

"लहान पोराचं हाय व्हय?"

"कोणाचं बी हाय." कचरूची नजर तिच्या मनगटावर गेली. "तुमाला बी चालतंय की. करड्या पट्ट्याला इथं दोनच गोष्टी फुकट, पाण्याचा नळ आन् माझा गोल्फ. या, देऊ का काठी?"

गोजरबाई उठली. दोन पावलं पुढं गेली. मग मागं वळून तिनं बाकाकडं पाहिलं. सामान तसंच पडलं होतं, वरच्या पिशवीत करुणाचा मोबाइल, सर्जेरावाचं पाकीट. ती परत येऊन बसली. पण आता तिचं मन बाकावर नव्हतं. तिनं ते नऊ डाव एकामागं एक डोळ्यांनी चालून पाहिले. पोरांच्या मागं आयुष्यभर खेळ आवरत फिरलेली बाई, तिला वाटलं, एकदा आपण मांडावा आणि दुसऱ्या कुणीतरी आवरावा. आणि एकटीनं नको. सगळ्यांनी मिळून.

दुपारी जेवायला सगळे जमले. पार्कात बाहेरचं खाणं आणायला बंदी, पण गोजरबाईनं धपाट्यांचा डबा कपड्यांच्या खाली घालून आत आणला होता. धपाटे सगळ्यांना आवडले. पोटं भरलेली पाहून तिनं विषय काढला.

"मला त्ये काठीचं खेळायचंय. आपुन समद्यांनी."

"कोणतं?" राजकुमारनं मान वळवून पाहिलं आणि तो हसला. "मिनी गोल्फ? माय, त्यात काय ठेवलंय? एवढ्या लांब येऊन कुणी मिनी गोल्फ खेळतं का?"

"लांब कुठं? पाऊण तासावर तर मुकुंदवाडी हाय."

"तसं नाही गं. इथं वेळ महत्त्वाचा असतो. अजून भुंगाट राहिलं, त्याला तासभर रांग आहे. पाताळकडा राहिलं. साधा हिशेब आहे, जिथं रांग नाही ती गोष्ट बेकार."

"रांग नाय म्हणून तर बरं," गोजरबाई म्हणाली. "आन् तुमच्या त्या भुंगाटात काय असतंय? जो तो डोळे मिटून वरडतंय. शेजारी कोण बसलंय त्ये बी कळत नाय. हितं निदान एकमेकाची तोंडं तरी दिसतील."

सर्जेराव खो खो हसला. "तुला काय येतंय त्यात? लाटणं धरायची सवय, काठी कशी धरशील?"

"आज्जी, ते बोअर असतं," आम्रपाली बोटं चाटत म्हणाली. करुणा तेवढी समजुतीनं बोलली, "उद्या सकाळी वेळ उरला तर बघू हं आई." उरला तर! उरलेल्या भाजीसारखा उरलेला वेळ गोजरबाईच्या वाट्याला. तो कधी उरत नसतो, हे गोजरबाईइतकं कुणाला माहीत असणार?

"बरं," ती म्हणाली.

घरात तिचं "बरं" म्हणजे विषय मिटला, असा रिवाज होता. चौघं हात धुऊन भुंगाटच्या रांगेत गेले. उष्टे कागद, रिकामा डबा, आम्रपालीचे काढलेले पायमोजे, सगळं बाकावर तसंच राहिलं.

गोजरबाईनं डबा पुसला. कागद कचऱ्याच्या पेटीत टाकले. मग उठून तिनं एक पिशवी डाव्या खांद्याला अडकवली, एक उजव्या, दोन हातांत घेतल्या, आणि ती भुंगाटच्या दिशेनं चालू लागली. ओल्या कपड्यांच्या पिशवीतून पाणी गळत होतं, त्यानं तिची नवी चप्पल भिजली. ऊन डोक्यात घुसत होतं. ती थांबली नाही.

रांग लोखंडी कठड्यांमधून वळणावळणानं गेलेली. आपली माणसं दिसली तशी गोजरबाई कठड्यापाशी गेली आणि पहिली पिशवी तिनं सर्जेरावाच्या हातात दिली. "ह्ये तुमचं पाकीट न् गोळ्या." दुसरी करुणाच्या हातात. "ह्यो तुझा मोबाइल." लहान पिशवी आम्रपालीच्या गळ्यात अडकवली. आणि ती गळकी पिशवी राजकुमारच्या पायाशी ठेवली.

"माय! हे काय करायलीस?"

"ज्याचं त्याला देऊन टाकलं."

"अगं, राइडमध्ये सामान चालत नाही! आत घेत नाहीत!"

"मंग नका जाऊ."

रांगेतली माणसं वळून बघू लागली. राजकुमारचा चेहरा लाल झाला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "लोक बघायलेत. तमाशा नको करू. तुला बसून बसून कंटाळा आला असेल, तर खोलीवर जाऊन पड."

"कंटाळा? मला राग आलाय, राजा." गोजरबाईचा आवाज चढला, आणि चढला तो चढलाच. "अजिंठ्याला म्या तीन डाव गेले. इचार की मला, काय पाहिलं? पार्किंग पाहिली! दौलताबादला पायऱ्या खालून पाहिल्या. नागपूरला लाखो लोकांनी स्तूप पाहिला, म्या तुझ्या बापाचे बूट राखले. कवा बोलले का? नाय बोलले. म्हणलं, आपली माणसं पाहून आली म्हंजे आपुन बी पाहिलं. पण आज तू काय म्हणलास? लॉकर कशाला, माय हाय की!"

आपण ते बोललो होतो हे राजकुमारला आत्ता आठवलं.

"माय लॉकर नाय," गोजरबाई म्हणाली. "माय चालली खेळायला."

"आई, मी थांबते सामानापाशी," करुणा घाईनं म्हणाली.

"तू थांब, नाय तर तुझा नवरा थांबू दे, नाय तर चिठ्ठ्या टाका. मला इचारू नका." आणि तिनं पाठ फिरवली. रांगेत मागं उभी असलेली एक जाडजूड बाई मोठ्यानं म्हणाली, "बराबर बोली अम्मा!" दोन कॉलेजच्या पोरी टाळ्या वाजवू लागल्या. सर्जेराव पाकिटाची पिशवी पोटाशी धरून कठड्याकडं पाहत राहिला.

कचरू तिला रिकाम्या हातांनी येताना पाहून उभाच राहिला. त्यानं एक छोटी काठी आणि एक पिवळा चेंडू दिला. गोजरबाईनं गालिच्याच्या काठाशी चपला काढल्या आणि पाय वर ठेवला.

"आई गं!" ती टुणकन उडून मागं आली. गालिचा तव्यासारखा तापला होता.

"आक्का, चप्पल चालती हितं!"

"सतरंजीवर चप्पल घालून कोण जातंय?" ती म्हणाली. पण तळपाय चरचरत होते. तिनं मुकाट चप्पल घातली, पदर डोक्यावर घेतला आणि काठी उचलली.

तिला काही येत नव्हतं, हे कबूल करायला हवं. पहिला फटका हवेत गेला. दुसऱ्यानं चेंडू गालिचा सोडून थेट कचरूच्या खुर्चीखाली पळाला. तिसऱ्याला काठी जमिनीवर इतक्या जोरात आपटली की मनगटात कळ गेली. कोणी बघत असतं तर हसलं असतं, आणि ती स्वतः तर हसतच होती. कितीतरी वर्षांत ती एकटीच अशी मोठ्यानं हसली नव्हती. चेंडू भोकाजवळ जायचा, काठावर फिरायचा आणि मुद्दाम केल्यासारखा बाजूला निघून जायचा. "थांब मुडद्या!" ती त्याला दटावायची आणि मागं धावायची. गुडघे दुखत होते. दुखू देत, ती मनात म्हणाली, बसून का दुखत नाहीत?

पवनचक्कीच्या डावाला तिचं घोडं अडलं. पातं खाली यायचं आणि नेमकं चेंडूला परत ढकलायचं. पुष्कळ फटके झाले. कचरू म्हणाला, "आक्का, सहा फटक्यांत नाय गेला तर उचलून पुढं जायचं असतंय. तसा नियम हाय."

"कोणी केला?"

"पार्कवाल्यांनी."

"त्यांना म्हणावं, गोजरबाई उचलत नाय. लई उचललं आजवर. चेंडू जाईस्तोवर म्या हितून हलणार नाय."

कचरूनं मागं बघितलं. मागं कोणीच थांबलेलं नव्हतं. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मारा मग."

तिकडं भुंगाटच्या रांगेत वेगळाच घोळ झाला होता. राजकुमार लॉकरकडं धावत गेला, तर सगळे लॉकर सकाळीच भरलेले, आणि खोली पार पलीकडच्या टोकाला. परत आल्यावर सामानापाशी कोण थांबणार यावर बोलणं सुरू झालं. करुणा थांबते म्हणाली, मग म्हणाली, पण मीही अजून बसले नाही भुंगाटमध्ये. सर्जेराव म्हणाला, माझ्यानं उन्हात उभं राहवत नाही. आम्रपालीला एकटीला ठेवता येईना. पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिल्या, रांग पुढं सरकत राहिली, आणि दाराशी पोचल्यावर तिथल्या माणसानं हात आडवा केला, "सामान बाहेर." चौघं बाहेर आले. एवढी मोठाली चार माणसं, पण एका बाईनं जे जन्मभर केलं ते तासभर करायला त्यांतलं एकही तयार झालं नाही.

ती चौघं कडुलिंबाच्या बाकापाशी आली, तेव्हा पवनचक्कीच्या पात्याखालून पिवळा चेंडू सुळकन गेला. पलीकडच्या भोकात तो पडल्याचा टपकन आवाज आला आणि गोजरबाईनं दोन्ही हात वर करून अशी काही आरोळी ठोकली, की कचरू खुर्चीतून उठला.

"आज्जी!" आम्रपालीनं गळ्यातली पिशवी बाकावर फेकली आणि ती गालिच्यावर धावली. "मला दे ना एकदा!"

"बोअर असतंय म्हणली व्हतीस ना?"

"दे ना गं!"

"काठी घे कचरूकाकाकडून. आन् आपला चेंडू आपुन आणायचा, म्या आणून देणार नाय."

थोड्या वेळानं करुणा गेली. आधी नुसती उभी राहिली, मग म्हणाली, "आई, कशी धरायची ही?" गोजरबाईनं तिला चुकीचीच पद्धत मोठ्या ऐटीत शिकवली. तिघींच्या हसण्याचा आवाज बाकापर्यंत येऊ लागला. सर्जेराव जरा वेळ चुळबुळला. "बघून येतो," म्हणून गेला आणि तोही काठी घेऊन उभा राहिला. त्याचा पहिलाच फटका हवेत गेला.

"का हो?" गोजरबाई म्हणाली. "लाटणं देऊ का?"

सर्जेरावाचं तोंड बघण्यासारखं झालं. करुणानं ओढणी तोंडाला लावली. मग तो म्हातारा आपणहून हसला आणि म्हणाला, "तुला येतंय खरं गोजरे." तिला येत नव्हतंच, पण आज तिनं ते खोडून काढलं नाही.

बाकावर राहिला राजकुमार. एका बाजूला दोन पिशव्या, दुसऱ्या बाजूला दोन, ओल्या टॉवेलचं पाणी त्याच्या पँटवर गळत होतं. आधी त्यानं मोबाइल काढला. थोड्या वेळानं तो खिशात ठेवला. ऊन झाडाखालून सरकून त्याच्या पायावर आलं, तरी त्याला उठून जागा बदलता येईना, कारण सगळं सामान उचलावं लागलं असतं. तहान लागली, पण नळ लांब. पुढं पवनचक्कीपाशी त्याची मुलगी, बायको, बाप आणि माय एकमेकांच्या पायांत पाय घालून चेंडू शोधत होते. ते काय बोलून हसतायत ते त्याला ऐकू येत नव्हतं. त्यानं दोनदा "काय झालं?" म्हणून हाक मारली. कुणी वळून पाहिलं नाही. सकाळपासून माय इथंच बसली होती, हे त्याला ठाऊक होतं. पण ते बसणं कसं असतं हे आता कळलं.

नववा डाव शेवटचा, बाकाला अगदी लागून. सिमेंटचा एक बुटका डोंगर केलेला, त्यात ओळीनं कोरलेली लहान लहान दारं.

"ह्ये काय?" गोजरबाईनं विचारलं.

"लेण्या आक्का. अजिंठा."

गोजरबाईनं त्या दारांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बघ बाई, कुठं गाठ पडली." ती नीट उभी राहिली, काठी मागं घेतली. पहिल्या फटक्यात चेंडू डोंगराला थडकला. दुसरा आडवा गेला. तिसरा संथपणे चढावर गेला, मधल्या दारात शिरला आणि दिसेनासा झाला. ती वाकून पलीकडच्या बाजूला बघू लागली. चेंडू आला नाही.

"गेला कुठं?"

"आत गेला," कचरू म्हणाला. "शेवटच्या डावात चेंडू परत येत नसतोय. नळीतून माझ्या पेटीत पडतोय. खेळ संपला आक्का."

राजकुमारनं हे ऐकलं आणि तो सुटल्यासारखा उठला. "झालं ना माय? झाली हौस? चला, पाताळकड्याला आता रांग कमी असेल." आणि तो पिशव्या गोळा करू लागला.

गोजरबाईनं तळहात कचरूपुढं पसरला. "दुसरा दे."

"माय!"

"पुन्हा पहिल्यापासून खेळायचंय मला. ह्या डोंगरात म्या आज परत एकदा जाणार."

"हो आज्जी, हो!" आम्रपाली ओरडली. करुणानं आपला चेंडू आधीच हातात घेतला होता. सर्जेराव पहिल्या डावाकडं चालायलाही लागला.

राजकुमार हातातल्या पिशव्या घेऊन तसाच उभा राहिला. सगळे निघाले होते. तो एक पाऊल गालिच्याकडं आला. पाताळकड्याचं तो विसरला होता. लहानपणी मार खाल्ल्यावर बोलायचा तशा आवाजात तो म्हणाला, "माय, मी पण येऊ का खेळायला?"

गोजरबाईनं वळून त्याच्याकडं पाहिलं. तिचा लेक होता तो, घामानं निथळलेला, दोन्ही हातांत ओझं. तिचं काळीज हललं, नाही असं नाही. सवयीनं तिचा हात पुढंही झाला, दे इकडं म्हणायला. मग त्या हातावरच्या करड्या पट्ट्यावर तिची नजर पडली, आणि तो हात तिनं मागं घेतला.

"ये की," ती म्हणाली. "पण पिशव्या कोण सांभाळणार?"

करुणा, सर्जेराव, आम्रपाली, सगळ्यांच्या नजरा राजकुमारकडं वळल्या. राजकुमार माघारी फिरला, बाकावर बसला, आणि त्यानं पिशव्या जवळ ओढून घेतल्या.